म्हातारपणीचा आसरा आणि त्याचे नियम

(प्रौढ साक्षरता वर्गापुढील भाषण)

आज आम्ही तुमच्याशी म्हातारपणाबद्दल बोलणार आहोत. हा विषय कुणा एकाचा नाही. आज ज्याच्या अंगात जोर आहे, तोही उद्या काठी धरणार आहे. म्हणून म्हाताऱ्यांनीही ऐकावे आणि तरण्यांनीही ऐकावे.

आपल्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातले कुठलेही गाव घ्या. पैठणकडचे घ्या, कन्नडकडचे घ्या, नाहीतर सोयगावकडचे घ्या. पूर्वी घरात माणसे भरपूर होती. ओसरीवर आजोबांची बाज असे. आजी नातवंडांना सांभाळी. कुणी आजारी पडले, तर पाणी द्यायला चार हात पुढे येत. आता तसे राहिले नाही. शेताचे तुकडे झाले. एक मुलगा वाळूजच्या कारखान्यात जातो, दुसरा पुण्याला असतो. लेकी सासरी गेल्या. शहरात मुलाची खोली दहा बाय दहाची. तिच्यात तो, त्याची बायको आणि दोन लेकरे. आई-बाप गावातच मागे राहतात. त्यांतले एक गेले, म्हणजे दुसरे एकटे पडते.

सगळी मुले वाईट असतात असे आम्ही म्हणत नाही. पुष्कळ मुले पोटाला चिमटा घेऊन आई-बापांना पैसे पाठवतात. पण काही घरांत म्हाताऱ्या माणसाला भाकरीसाठी बोलणी खावी लागतात. काहींना मूलबाळच नसते. काहीजण अंथरुणाला खिळलेले असतात आणि त्यांना उठवून बसवायला घरात कुणी नसते. अशा माणसांनी काय करावे? त्यांना कायद्याचा काही आधार आहे का? आणि वृद्धाश्रमात जायचे ठरले, तर त्या घराला काही नियम आहेत का?

आहेत. आज तेच नियम आपण समजून घेऊ.

कायदा काय सांगतो

२००७ साली संसदेने एक कायदा केला. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण, हा त्या कायद्याचा विषय. चरितार्थ म्हणजे पोट भरणे, अंगावर कपडा, डोक्यावर छप्पर आणि दुखल्याखुपल्याला औषध. आपल्या महाराष्ट्रात हा कायदा १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्याचे राज्याचे नियम २०१० साली झाले. हा कायदा हिंदूंना, मुसलमानांना, बौद्धांना, ख्रिश्चनांना, सर्वांना सारखाच लागू आहे.

ज्येष्ठ नागरिक म्हणजे कोण? ज्याला ६० वर्षे पूर्ण झाली तो. पण आई-बापांना ही अट नाही. आई किंवा बाप पंचावन्न वर्षांचे असले आणि स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून त्यांचे भागत नसले, तर त्यांनाही मुलांकडे चरितार्थ मागता येतो.

मागायचा कुणाकडे? मुलाकडे, मुलीकडे, सज्ञान नातवाकडे किंवा नातीकडे. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिची जबाबदारी सुटत नाही. लग्न झालेल्या मुलीकडेही बापाला पोटगी मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच एका निकालात सांगितले होते. तो निकाल जुन्या फौजदारी कायद्याखालचा होता. नव्या कायद्यात तर मुलगी हा शब्दच लिहिलेला आहे.

ज्याला मूल नाही, त्याने काय करावे? त्याची मालमत्ता आज ज्या नातेवाइकाच्या ताब्यात आहे, किंवा त्याच्यामागे ज्याला वारशाने मिळणार आहे, त्याच्याकडे मागावे. शेत पुतण्याला मिळणार असेल, तर चुलत्याला सांभाळण्याचा भारही पुतण्यावर येतो.

आता कुणी म्हणेल, कोर्टकचेरी आपल्याला कशी झेपणार? वकिलाला पैसे कुठून आणणार? म्हणूनच ह्या कामासाठी वेगळे न्यायाधिकरण नेमलेले आहे. न्यायाधिकरण म्हणजे कोर्टासारखा निवाडा करणारी कचेरी. आपले उपविभागीय अधिकारी, ज्यांना लोक प्रांतसाहेब म्हणतात, ते तिथे निवाडा करतात. वकील लावलाच पाहिजे असे नाही. अर्ज स्वतः करता येतो. म्हाताऱ्या माणसाला चालवत नसेल, तर त्याने सांगितलेल्या दुसऱ्या माणसाला किंवा संस्थेला त्याच्या वतीने अर्ज करता येतो.

अर्जात पुढील गोष्टी लिहाव्या. आपले नाव, वय आणि गाव. मुलांची नावे आणि पत्ते. आपल्याला दरमहा काही मिळते का, आणि मुलांची कमाई काय. आपल्याला महिन्याला किती लागतात, आणि कशासाठी लागतात. अर्जाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी. तिच्यावर कचेरीचा शिक्का आणि तारीख घ्यावी.

मुलाला नोटीस पोचली, की त्या दिवसापासून ९० दिवसांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. फार तर आणखी ३० दिवस वाढवता येतात, तेही एकदाच. निकाल होण्याआधी अडचण असेल, तर मधल्या काळासाठीही रक्कम ठरवून देता येते. आधी समेट होतो का, हेही पाहतात. ते चांगलेच आहे. शेवटी नाते टिकायला हवे.

न्यायाधिकरणाला दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते. हुकूम होऊनही मुलाने पैसे दिले नाहीत, तर वसुलीचे वॉरंट निघते. तरीही दिले नाहीत, तर एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. निकाल पटला नाही, तर म्हाताऱ्या माणसाला ६० दिवसांच्या आत वरच्या न्यायाधिकरणाकडे अपील करता येते.

आणखी एक कलम ध्यानात ठेवा. काही लोक म्हाताऱ्या आईला यष्टी स्टँडवर, रेल्वेच्या फलाटावर नाहीतर दवाखान्यात सोडतात आणि पुन्हा तोंड दाखवत नाहीत. ज्याच्यावर सांभाळण्याची जबाबदारी आहे, त्याने असे टाकून दिले, तर तो गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पोलिसांना त्याची दखल घ्यावीच लागते.

आपल्या मराठवाड्यातच घडलेली एक गोष्ट सांगतो. लातूर जिल्हा परिषदेने नोव्हेंबर २०२० मध्ये एक ठराव केला. जे कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाहीत, त्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती आई-वडिलांच्या खात्यात भरायची, असा तो ठराव. चौकशी करून काही कर्मचाऱ्यांचे पगार खरोखरच कापले. म्हणजे नियम कागदावर असला, की तो अमलात आणताही येतो. मात्र आणणारा पाहिजे.

वृद्धाश्रम: लाज कसली?

आता वृद्धाश्रमाकडे वळू. हा शब्द काढला, की गावात माणसे कुजबुजतात. "अमक्याने बापाला आश्रमात टाकले," असे बोलतात. "टाकले" हाच शब्द वापरतात.

पंढरीचा विठोबा विटेवर का उभा आहे, हे लहान पोरही सांगेल. पुंडलिक आई-बापांची सेवा करीत होता, म्हणून देवालाही थांबावे लागले. ह्या शिकवणीत आपण वाढलो. ती खरीच आहे. पण ज्याला पुंडलिक नाही, त्याचे काय? पैठणच्या नाथांचे आई-बाप लवकर गेले, तेव्हा त्यांचे आजोबा चक्रपाणी होते. त्यांनी नातवाला वाढवले. प्रत्येकाला असे माणूस लाभतेच असे नाही. लहानपणी लाभत नाही, तसे म्हातारपणीही लाभत नाही. ज्याला घरात कुणी नाही, त्याला घराबाहेर आसरा मिळाला, तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाज वाटावी ती त्या आसऱ्याच्या घरात माणसाचे हाल झाले तर.

सरकारी मदतीचे वृद्धाश्रम महाराष्ट्रात नवे नाहीत. स्वयंसेवी संस्थांच्या वृद्धाश्रमांना अनुदान देण्याची राज्याची योजना १९६३ सालची आहे. तिच्यात पुरुषाला ६० वर्षे आणि बाईला ५५ वर्षे, अशी प्रवेशाची अट ठेवली. पुढे १९९५ साली मातोश्री वृद्धाश्रम योजना आली. एका आश्रमात १०० म्हाताऱ्या माणसांची सोय करावी, असे त्या योजनेत ठरले. आपल्या संभाजीनगरला पैठण रस्त्यावर मातोश्री वृद्धाश्रम आहे. तुमच्यातल्या काहींनी जाता-येता त्याची पाटी पाहिली असेल. ज्यांनी पाहिली नाही, त्यांनी पुढच्या खेपेला ती स्वतः वाचावी.

२००७ च्या कायद्यातही वृद्धाश्रमाचे कलम आहे. राज्य सरकारने जागोजागी वृद्धाश्रम काढावेत, सुरुवातीला प्रत्येक जिल्ह्यात निदान एक तरी काढावा, आणि त्यात ज्यांच्याजवळ काही साधन नाही अशा कमीत कमी १५० ज्येष्ठांची सोय असावी, असे ते कलम सांगते. पण कलमाची भाषा "काढता येईल" अशी आहे. "काढलाच पाहिजे" अशी नाही. दोन्हींतला फरक तुम्हाला आता वाचता येतो. एका शब्दाने केवढा फरक पडतो पहा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक जिल्ह्यात किती वृद्धाश्रम आहेत, याची माहिती सरकारकडे मागितली. ते ह्याच गोष्टीसाठी.

घर कसे असावे

वृद्धाश्रम म्हणजे चार भिंती आणि दोन वेळची खिचडी नव्हे. केंद्र सरकारने राज्यांसाठी नमुना नियम तयार करून दिले. गरीब ज्येष्ठांसाठी जो वृद्धाश्रम असेल, तो कसा असावा, हे त्यांत लिहिले आहे. त्यांतले मुख्य नियम असे.

एक. झोपण्याच्या जागेत प्रत्येक माणसाला शक्यतो साडेसात चौरस मीटर जागा असावी. म्हणजे सुमारे आठ फूट रुंद आणि दहा फूट लांब. खाट, लहान पेटी ठेवायला जागा आणि चालायला वाट, एवढे त्यात बसते. स्वयंपाकघर, जेवणघर आणि बसण्याची जागा धरून माणशी १२ चौरस मीटर असावी.

दोन. बायांची आणि पुरुषांची झोपण्याची सोय वेगळी असावी.

तीन. पिण्याला आणि वापराला पाणी, वीज आणि पंखे असावेत.

चार. संडास आणि न्हाणीघरे पुरेशी असावीत. अपंगांना वापरता येतील असे संडासही असावेत.

पाच. प्रथमोपचाराची आणि आजाऱ्याला वेगळे ठेवण्याची सोय असावी.

सहा. मन रमावे म्हणून वर्तमानपत्र, पुस्तके आणि टीव्ही असावा.

सात. काठीवाल्याला आणि चाकांच्या खुर्चीतल्याला अडथळा होऊ नये, अशी इमारत असावी. भिंतीला धरायला कठडे असावेत.

हे नियम गरिबांच्या आश्रमासाठी आहेत. गरिबाच्या आश्रमातही इतके असावे असे सरकार म्हणते. मग पैसे घेणाऱ्या घरात याहून कमी का असावे?

महाराष्ट्रात दुसराही एक नियम झाला आहे. शहरांत आता ज्येष्ठांसाठी म्हणून खास इमारती बांधून त्यांतली घरे विकतात. अशा घरांसाठी राज्याच्या महारेरा या प्राधिकरणाने २०२४ साली मार्गदर्शक नियम घालून दिले. महारेरा म्हणजे घरे बांधून विकणाऱ्यांवर देखरेख करणारी कचेरी. एकाहून जास्त मजले असतील, तर लिफ्ट हवी. दार किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट रुंद हवे, म्हणजे चाकांची खुर्ची आत जाते. जिना सुमारे पाच फूट रुंद हवा आणि त्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. न्हाणीघरात पाय घसरू नये अशी फरशी हवी आणि धरायला दांडी हवी. हे सगळे विक्रीच्या करारात लिहिलेले हवे.

तुम्ही म्हणाल, अशी घरे विकत घेणारे आम्ही नव्हे. खरे आहे. पण त्यांचे माप तर आपल्याला उसने घेता येते! वृद्धाश्रम पाहायला जाल, तेव्हा हे माप डोक्यात ठेवा. आणि आधी आपले स्वतःचे घरही त्याच मापाने पहा. म्हातारी आई रात्री मोरीकडे कशी जाते? वाटेत दिवा आहे का? मोरीत धरायला काही आहे का? उंबरा उंच असेल, तर बाजूला एक पायरी करता येईल का? लोखंडी नळाचा तुकडा भिंतीत बसवायला फार खर्च येत नाही. एकदा पाय घसरून मांडीचे हाड मोडले, तर म्हातारे माणूस पुन्हा पायावर उभे राहणे कठीण. दवाखान्याच्या खर्चापुढे दांडीचा खर्च काहीच नाही.

तपासणारा कोण?

अमेरिकेत म्हाताऱ्यांना रोजच्या कामात मदत करणारी निवासघरे पुष्कळ आहेत. तिथे प्रत्येक राज्य त्यांचे नियम आपापले करते. घर चालवायला परवाना लागतो आणि सरकारी माणूस येऊन तपासणी करतो.

आपल्याकडेही अशा घरांची नोंदणी व्हावी, असे विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले होते. विधेयक म्हणजे कायद्याचा मसुदा. १०,००० रुपयांची मर्यादा काढून टाकावी, असेही त्यात होते. पण ते मंजूर झाले नाही. २०२४ साली ती लोकसभा संपली, आणि तिच्याबरोबर ते विधेयकही संपले. त्यामुळे प्रत्येक खाजगी घराची सक्तीने नोंदणी करावी, असे २००७ च्या कायद्यात नाही.

म्हणून अशा घरात जाण्याआधी आपणच तपासणारे व्हायचे. कसे, ते ऐका.

घर चालवणारी संस्था विश्वस्त संस्था असेल, तर ती धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत नोंदलेली असते. तिचा नोंदणी क्रमांक विचारा आणि कागदावर लिहून घ्या. नीट चाललेली संस्था क्रमांक सांगायला कां-कूं करणार नाही.

पाहायला जायचे, तर जेवणाच्या वेळी जा. ताटात काय वाढतात ते पहा. ऑफिसात बसून चहा घेण्याआधी संडास आणि न्हाणीघर पहा. तिथे राहणाऱ्या एखाद्या मावशीपाशी नाहीतर बाबांपाशी दहा मिनिटे बसा. बोलताना ते इकडेतिकडे पाहून दबकत बोलतात, की मोकळेपणाने बोलतात, हे ध्यानात ठेवा. रात्री कोण असते, ते विचारा. डॉक्टर केव्हा येतो, आणि रात्री दुखले तर कुठल्या दवाखान्यात नेतात, तेही विचारा.

मग कागद मागा. त्यात पुढील गोष्टी लिहिलेल्या आहेत का, ते स्वतः वाचा. दरमहा किती पैसे. अनामत किती, आणि सोडून जाताना ती परत मिळते का. औषधाचा खर्च कुणाचा. माणूस अंथरुणाला खिळले, तर ठेवून घेतात की घरी पाठवतात. काही बरेवाईट झाले, तर कुणाला कळवतात. हा शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते. तरी विचारावा.

आणि एक सांगतो. आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि पेन्शनचे कागद दुसऱ्याच्या हवाली करू नका. संस्थेला हवी तर प्रत द्या. मूळ कागद आपल्या पेटीत ठेवा. वृद्धाश्रम हा तुरुंग नव्हे. ज्याला तिथे राहायचे नाही, त्याला जबरदस्तीने ठेवता येत नाही. आणि "तुमच्यावर उपकार करतो," असे म्हणून कुणालाही म्हाताऱ्या माणसाचा अपमान करता येत नाही.

सही करण्याआधी

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. वृद्धाश्रमाची किंवा न्यायाधिकरणाची पायरी बहुतेक कशामुळे चढावी लागते? जमीन आणि घर हातचे गेले म्हणून.

समजा, एका शेतकऱ्याजवळ चार एकर रान आणि एक घर आहे. मुलगा म्हणतो, "बाबा, सगळे माझ्या नावावर करा. मी तुम्हाला सांभाळीन." बाप दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जातो आणि बक्षीसपत्रावर अंगठा देतो. कागदात लिहिलेले असते, "प्रेमापोटी ही मिळकत देत आहे." बस्स, एवढेच. सांभाळण्याची गोष्ट तोंडी राहते. दोन वर्षांनी सातबाऱ्यावर मुलाचे नाव लागते. तिसऱ्या वर्षी बापाची बाज ओसरीवरून गोठ्यात जाते.

ह्यावर कायद्यात एक कलम आहे. ते २३ वे कलम. म्हाताऱ्या माणसाने मालमत्ता देताना "तू माझ्या गरजा भागवायच्या" अशी अट घातली असेल, आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर तो व्यवहार फसवणुकीने किंवा दबावाने झाला असे धरले जाते. न्यायाधिकरणाला तो रद्द ठरवता येतो. मात्र तो व्यवहार हा कायदा लागू झाल्यानंतरचा हवा.

पण अट कुठे आहे? तोंडात आहे की कागदात आहे? सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितले, की अशी अट होती हे दिसले पाहिजे. नुसते "प्रेमापोटी दिले" एवढे असेल, तर हे कलम लागत नाही. आता दुसरा निकाल पहा. मध्य प्रदेशातल्या एका आईने २०१९ साली मुलाला मिळकत बक्षीस दिली. मुलगा आईला सांभाळील, असे कागदात आले होते. शिवाय मुलाने वेगळे वचनपत्र लिहून दिले होते, की मी सांभाळले नाही तर आईला मिळकत परत घेता येईल. पुढे मुलगा वचनाला जागला नाही. २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते बक्षीसपत्र रद्द केले आणि मिळकतीचा ताबा आईला देण्यास सांगितले.

एका ठिकाणी अट सिद्ध झाली नाही, दुसऱ्या ठिकाणी लेखी वचन होते. फरक पडला तो लिहिलेल्या ओळींनी.

म्हणून आमचे तुम्हाला सांगणे असे. जिवंतपणी सगळे देऊन टाकण्याची घाई करू नका. मृत्युपत्र करावे. मृत्युपत्र आपण असेपर्यंत अमलात येत नाही, आणि मन बदलले तर तेही बदलता येते. तरीही बक्षीसपत्र करायचेच असेल, तर त्यात स्पष्ट लिहा: "घेणाऱ्याने मला मरेपर्यंत अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधपाणी द्यावे. न दिल्यास ही मिळकत मला परत मिळावी." आणि लिहिणारा वाचून दाखवील एवढ्यावर भागवू नका. कागद हातात घ्या आणि बोट ठेवून एकेक ओळ स्वतः वाचा. एखादा शब्द अडला, तर थांबा आणि विचारा. मागे रांग असली तरी असू द्या. मिळकत तुमची आहे.

मुलांनी याचा राग मानू नये. ज्याच्या मनात सांभाळायचे आहे, त्याला दोन ओळी लिहून द्यायला अडचण कसली?

मदत कुठे मिळेल

आता ही माहिती वहीत उतरवून घ्या.

उपविभागीय अधिकारी कुठे बसतात, हे तहसील कचेरीत किंवा तलाठ्याला विचारा. चरितार्थाचा अर्ज त्यांच्याकडे करायचा.

वृद्धाश्रमाची चौकशी समाजकल्याण खात्याच्या जिल्ह्याच्या कचेरीत करायची.

ज्येष्ठांसाठी एक टेलिफोन आहे. त्याचा क्रमांक १४५६७. पैसे पडत नाहीत. सकाळी ८ ते रात्री ८ पर्यंत कुणी तरी बोलायला असते. कुणी मारहाण करीत असेल, तर ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवा.

कायद्याचा सल्ला हवा असेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. हे कोर्टाच्या आवारात असते.

ज्याचे वय ६५ झाले आहे आणि ज्याला आधार नाही, त्याने श्रावणबाळ योजनेची चौकशी तहसील कचेरीत करावी. दरमहा १,५०० रुपये मिळतात. त्याला उत्पन्नाची अट आहे. ७० वर्षे पूर्ण झालेल्यांना आयुष्मान कार्ड काढता येते. ते ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाले. त्यावर योजनेतल्या दवाखान्यांत कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार होतात. त्याला उत्पन्नाची अट नाही.

आणि घाटीसारख्या सरकारी दवाखान्यात गेलात, तर ज्येष्ठांची रांग कुठली, हे आधी विचारा. ज्येष्ठांसाठी वेगळी रांग ठेवावी, असे २००७ च्या कायद्यातच आहे.

ह्यातले कुठलेही काम करताना तीन गोष्टी विसरू नका: तारीख लिहिणे, प्रत ठेवणे, पोच घेणे.

शेवटी

बंधुभगिनींनो, तुम्ही रोज दिवसभर रानात राबून संध्याकाळी इथे येता. कुणी विचारते, ह्या वयात अक्षर शिकून काय उपयोग? आज सांगितलेला उपयोग हा एक. अंगठा देणाऱ्याला कागदात काय आहे ते दुसरा सांगतो. वाचणाऱ्याला कागद स्वतः सांगतो.

तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही. म्हणून ह्या आठवड्याला एक काम करा. आपल्या आळीत एकटे राहणारे म्हातारे माणूस कोण आहे, ते पहा. एखादी आजी असेल, एखादे बाबा असतील. त्यांच्याकडे जा. त्यांच्या पेटीत जे कागद आहेत, ते त्यांना वाचून दाखवा. सातबारा कुणाच्या नावावर आहे, पासबुकात पैसे जमा झाले का, एखादी नोटीस आली आहे का, ते बघा. वाचून झाल्यावर कागद त्यांच्याच हातात परत द्या. आणि पुढच्या वर्गाला आलात, की कुठला शब्द अडला ते आम्हाला सांगा. तो शब्द आपण फळ्यावर लिहू.